पाठमोरा गृहस्थ

१

सॉरेल नदीवर परगावच्या लोकांना होडीतून मासेमारीला नेणं हा माझा धंदा. मोंटानात असे धंदेवाले पुष्कळ आहेत, पण आमच्या लार्क्सबर्गमध्ये सगळ्यात जुनं दुकान माझं. शाळा मी लवकर सोडली. पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं, आणि तेही पैसे देऊन.

हे लोक शिकागोहून, बॉस्टनहून विमानाने येतात. पिसांची आणि दोऱ्याची बनवलेली माशी गळाला लावून दिवसभर पाण्यावर फेकतात. लागलाच एखादा ट्राउट, तर त्याला हातात धरून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. माझे आजोबा नॉर्वेहून इथे लाकूड तोडायला आले होते. त्यांना कुणी सांगितलं असतं की तुमचा नातू मासे सोडून देणाऱ्यांच्या जिवावर घर चालवील, तर त्यांनी परतीचं जहाज धरलं असतं.

एकदा एक दातांचे डॉक्टर आले होते. माझ्याच दुकानातून नवी टोपी घेतली आणि दिवसभर तिची किमतीची चिठ्ठी कानाजवळ लोंबकळत ठेवून नदीवर फिरले. मी सांगितलं नाही. माणूस खूश होता, आणि खूश माणसाला आरसा दाखवला की तो पुढल्या वर्षी येत नाही.

आमची होडी उथळ असते, दोन्ही टोकं वर उचललेली. मधे गाईड वल्ही घेऊन बसतो. नाकाशी एक गिऱ्हाईक, शेपटीशी दुसरं. सकाळी वरच्या उतारावर होडी सोडायची, दरीतून वाहत जायचं, वाळूवर दुपारचं जेवण, संध्याकाळी खालच्या उतारावर बाहेर. कायद्याने सांगितलेलं थोडं, रीतीने सांगितलेलं फार. त्यातली पहिली रीत ही: पाण्यात कुणी उभा राहून मासे धरत असेल तर त्याच्या पुढून होडी न्यायची नाही. तो ज्या पाण्यात माशी टाकतोय ते त्याचं. आपण त्याच्या पाठीमागून जायचं, हळू, आणि जाताना ‘काही लागतंय का, साहेब?’ असं विचारायचं. तो हात वर करतो. त्याचा अर्थ, आभारी आहे, जा मागून.

हे मी माझ्या प्रत्येक गाईडला पहिल्या दिवशी शिकवतो. माझ्या मुलीला, सिग्नीला, तर ती वल्ह्यांपेक्षा बुटकी होती तेव्हापासून शिकवलेलं.

२

त्या उन्हाळ्यात सिग्नीने पहिल्यांदा त्याचं नाव काढलं. नाव म्हणजे काय, त्याला नाव नव्हतंच.

खालच्या उतारावर होडी गाडीला लावता लावता ती म्हणाली, “बाबा, घोडेनालाच्या वळणावर आज एक म्हातारे गृहस्थ होते. एकटेच. जुन्या धर्तीचे दिसले, रुंद कडांची टोपी वगैरे.”

“कुठे उभे होते? बेटाच्या टोकाला?”

“नाही, उजवीकडे. कड्याखाली.”

मी होडीचा पट्टा आवळत होतो, तो तसाच राहिला. घोडेनालाचं वळण म्हणजे घोड्याच्या नालासारखं वळण; तिथे नदीच्या मधोमध झाडीचं एक बेट आहे. त्याच्या उजवीकडून मोठा प्रवाह जातो, थेट कड्याला घासून. डावीकडून एक अरुंद फाटा. उजवीकडे कड्याखाली पाणी हिरवं-काळं आहे आणि अख्खं वल्हं उभं बुडतं.

“कड्याखाली उभं कसं राहणार कुणी?”

“कमरेइतकं पाणी होतं त्यांना. वसंतात पूर आला होता ना, गोटे वाहून आले असतील.” ती हसली. “तू नदी शेवटची कधी पाहिलीस बाबा? तू तर आता टोप्याच विकतोस.”

हे तिचं बोलणं तसं गोड असतं, पण आत एक काटा असतो. पुढच्या वर्षापासून धंदा तिच्या नावावर व्हायचा होता. मी तारीख पुढे ढकलत होतो, हे तिला कळत होतं आणि मलाही.

३

गोटे वाहून येतात. नदी दरवर्षी घर आवरते आणि सामान हलवते. मला ते पटलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी मी एल्डनला घेऊन रिकामी होडी सोडली.

एल्डन माझा सर्वांत जुना गाईड. गुडघा गेल्यापासून तो फक्त गाड्या हलवतो: आम्ही होडी सोडली की तिची गाडी वरून रस्त्याने खालच्या उतारावर नेऊन ठेवायची. बोलायला फटकळ, आणि तंबाखू सोडल्यापासून जास्तच.

“कशाला चाललोय आपण?” तो म्हणाला.

“तळ बघायला.”

“तळ? तुझ्या दुकानाचा बघ आधी.”

वळणावर कुणी नव्हतं. ऊन होतं, कड्याच्या कपारीतून पाकोळ्या ये-जा करत होत्या. मी होडी कड्याखाली धरली. एल्डनने नांगर सोडला. दोर सरसर गेला, गेला, आणि संपला. नांगर लोंबकळत राहिला. आम्ही थोडं वर, थोडं खाली, बेटाच्या बाजूलाही सरकून पाहिलं. तळ लागला नाही.

“पोरीने जागा चुकीची सांगितली असेल,” एल्डन म्हणाला. “उन्हात पाण्याकडे बघून बघून डोळे दिपतात. एकदा माझ्या एका गिऱ्हाइकाने दुपारभर एका ओंडक्याला हरीण म्हणून हाका मारल्या होत्या.”

मला बरं वाटलं. सिग्नीची चूक निघाली याचंच बरं वाटलं असेल, कोण जाणे. ओल्या दोराची गुंडाळी करताना माझ्या मनात आलं की आता तिला हे कसं सांगावं, म्हणजे तिला लागणार नाही. मग सांगितलंच नाही.

४

मी त्याला पाहिलं ते भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं होडीत असताना. एक गाईड आजारी पडला म्हणून मीच वल्ह्यांवर बसलो होतो. गिऱ्हाइकं म्हणजे दोघे साडू, सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते, फक्त माझ्याशी बोलत होते.

वळण घेतलं आणि तो होता. कड्याखाली, मोठ्या प्रवाहात. आमच्याकडे पाठ, तोंड कड्याकडे, कमरेइतक्या पाण्यात. टोपी, रंग उडालेला सदरा, हातात गळाची छडी. छडी मागे-पुढे होत होती, शांतपणे, हात मुरलेला असल्यासारखी.

पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचे डोळे आधी माणसाकडे जात नाहीत, पाण्याकडे जातात. वाहत्या पाण्यात तुम्ही साधी काडी रोवा, तिच्याखाली पाण्याला एक घडी पडते. दगड असो, खांब असो, पाय असो, पाणी दुभंगतं आणि खाली पुन्हा जुळतं. त्या घड्या वाचूनच आम्ही होडी चालवतो. त्या माणसाखाली घडी नव्हती. पाणी त्याच्या कमरेपर्यंत येत होतं आणि तसंच पुढे जात होतं, जणू तिथे काही नाहीच.

मी हे बघत होतो, आणि माझे हात काय करत होते? माझे हात होडी डावीकडे घेत होते. पाठीमागून. मी त्यांना सांगितलं नव्हतं. चाळीसेक वर्षांची सवय, सांगायची गरजच नव्हती.

“काही लागतंय का, साहेब?” माझ्याच तोंडून निघालं.

त्याने मान न वळवता हात वर केला.

नाकाशी बसलेला साडू म्हणाला, “सभ्य माणूस दिसतोय.” मागचा साडू सकाळपासून पहिल्यांदाच त्याला उत्तर देत म्हणाला, “हो ना. असे आता राहिले नाहीत.”

संध्याकाळी दोघांनी मला मिठी मारली. त्यांच्या मते तो दिवस फार सुंदर गेला होता.

५

मी कुणाला काही बोललो नाही. घडी नव्हती म्हणजे काय? उन्हाचा कोन असेल. वर कुठे दगड असेल, त्याच्या सावलीत पाणी संथ झालं असेल. मी मालाची पारख डोळ्यांनी करणारा माणूस आहे, आणि डोळे कितीदा फसतात ते मला ठाऊक आहे. मीच कितीदा लोकांचे फसवलेत.

पण त्या महिन्यात तो सगळ्यांना दिसत होता, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. सकाळी ‘नोरीन’च्या हॉटेलात कॉफी आणि हकलबेरी भरलेल्या पेस्ट्रीवर गाईडांच्या गप्पा चालत.

“तुमचा तो म्हातारा आज अगदी मधे उभा होता राव.”

“माझा कसला? मला वाटलं तुझ्या मालकाचा पाहुणा.”

“जागा सोडत नाही पण. काल तर मला जवळजवळ बेटाला घासून जावं लागलं.”

“मग पुढून जायचं होतंस.”

“पुढून? मला काय आईबापाने वळण लावलं नाही?”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी ऐकत होतो ते वेगळंच. पहिल्यांदा तो कड्याखाली होता. मग प्रवाहाच्या मधे. आता बेटाजवळ. आणि होड्या दर वेळी त्याच्या पाठीमागून, म्हणजे डावीकडे, अजून डावीकडे.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या दुकानाची एक होडी डाव्या फाट्यात शिरली. तो फाटा वाईट आहे. अरुंद, वेगवान, आणि शेवटी वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढिगारा, त्यातून जेमतेम एक होडी जाईल एवढी फट. होडी ओंडक्याला आपटून कलंडली. माणसं वाचली, सामान गेलं. तो गाईड हॉटेलात सांगत होता, “काय करणार? ते मधोमध उभे होते. मागून जायला तेवढीच वाट होती.”

“मदतीला आला नाही का तो?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. “हात केला होता त्यांनी,” तो म्हणाला.

६

त्याच दिवशी मी ठरवलं की आमच्या होड्या घोडेनालाच्या वळणाच्या वरच बाहेर काढायच्या. दरी बंद. सिग्नीला सांगितलं तेव्हा ती दुकानाच्या मागे होडीच्या तळाला रंग देत होती.

“दरी बंद? बाबा, लोक दरीसाठीच येतात. वरच्या भागात काय आहे? गाई आणि कुंपणं.”

“थोडे दिवस.”

“कारण?”

मी कारण सांगितलं. घडीचं सांगितलं, नांगराचं सांगितलं. तो सरकतोय ते सांगितलं. हातात रंगाचा कुंचला धरून ती शांतपणे ऐकत राहिली. तिचं असं शांत असणं मला तिच्या आईकडून ओळखीचं. त्या शांततेनंतर तिची आई स्पोकेनला निघून गेली होती.

“म्हणजे आता भूत,” सिग्नी म्हणाली.

“मी भूत म्हणालो नाही.”

“मागच्या वर्षी विमा होता. त्याच्या आधी तुझी पाठ. दर वर्षी धंदा माझ्या हातात द्यायची वेळ आली की काहीतरी निघतं. या वर्षी तुला कारण सापडलं नाही, म्हणून तू नदीतच उभं केलंस एक.”

“सिग्नी, मला तुझ्या जिवाची—”

“माझ्या जिवाची काळजी होती तर हे शिकवलंच नसतंस. मी तो फाटा या महिन्यात कितीदा काढलाय. फट दिसते, नाक तिच्यात घालते, वल्ही आत घेते, बाहेर. मला येतं ते, बाबा. तुझ्यापेक्षा चांगलं येतं. आणि तुला तेच सोसत नाही.”

ती खरं बोलत होती. ती माझ्यापेक्षा चांगली होती. मला ते सोसत होतं की नव्हतं हे मी अजून विचारतो स्वतःला, पण त्या दिवशी मला खरोखर फक्त तिचा जीव हवा होता. ते सांगायला माझ्याकडे विक्रीच्या बोलीखेरीज दुसरी बोली नव्हती.

“निदान त्याच्या पुढून जा,” मी म्हणालो. “रीत गेली खड्ड्यात. तो दिसला की सरळ त्याच्या अंगावर घाल होडी.”

ती हसली, पण तो हसण्याचा आवाज नव्हता. “पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर? हे तू मला सांगतोस?”

७

पुढे वाऱ्याचे दिवस आले. एका सकाळी सिग्नी ओहायोच्या एका निवृत्त न्यायाधीशांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन दरीत उतरली. मला न विचारता. मी दुकानात होतो. तिची गाडी खालच्या उतारावर सोडून एल्डन आला. आल्या आल्या त्याने टोपी काढली नाही, शिवी दिली नाही, तेव्हाच मी समजलो.

“ऑरिन, वरच्या रस्त्यावरून बघितलं मी. रात्रीच्या वाऱ्याने कॉटनवुड पडलाय. डाव्या फाट्यावर, आडवा. पानांसकट. फट बुजली.”

पाणी अशा झाडाच्या खालून निघून जातं. होडी जात नाही, माणूस जात नाही. पाणी त्याला झाडाच्या फांद्यांत दाबून धरतं आणि सोडत नाही. वरून येताना ते दिसतही नाही, बेटाच्या झाडीआड असतं.

दरीत फोन लागत नाही. एल्डनने गाडी अशी हाणली की त्याच्या बिचाऱ्या गुडघ्याचं काय झालं असेल ते तोच जाणे. वरच्या रस्त्यावर तो थांबला, त्याला उतार उतरवत नव्हता. मी काठी घेतली आणि खडकांवरून घसरत खाली गेलो. डाव्या फाट्याच्या तोंडाशी पाणी उथळ आहे, ते ओलांडून बेटाच्या टोकावर पोचलो. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. इथे उभं राहिलं की वळणावरून येणारी होडी मला बघणारच. मी तिला उजवीकडे, मोठ्या प्रवाहात घालीन, एवढाच बेत.

आणि तो तिथे होता. माझ्यापासून होडीच्या लांबीवर. इतक्या जवळ की त्याच्या सदऱ्याला शिवण असती तर दिसली असती. नेहमीसारखा पाठमोरा, पण माझ्या जागेवरून ती पाठ नव्हती, कूस होती. छडी मागे-पुढे होत होती. तिला दोरा नव्हता.

माझ्या पायांपाशी पाणी दुभंगून खळखळ करत होतं. त्याच्यापाशी आवाज नव्हता.

८

होडी वळणावर आली. हिरवी होडी, मधे सिग्नीची लाल टोपी, नाकाशी न्यायाधीशांची बायको. ऊन समोरून त्यांच्या डोळ्यांवर होतं. मी ओरडलो, “सिग्नी, थांब! उजवीकडे!”

दरीत पाण्याचा आवाज सगळं खातो. मी काठी रोवून एक हात वर केला. वाहत्या प्रवाहात उभ्या माणसाकडे दुसरी खूण कुठली असते?

ओरडताना नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्याने तोंड माझ्याकडे वळवलं होतं.

त्या चेहऱ्याबद्दल मला विचारू नका. टोपीच्या सावलीत तो असायला हवा तेवढाच होता. मला दिसलं ते त्याचं तोंड. मी ‘थांब’ म्हणालो, आणि क्षणभराने त्याचे ओठ तसेच उघडले आणि मिटले. मी ‘उजवीकडे’ म्हणालो. त्याचे ओठ पुन्हा तसेच हलले, या वेळी जवळजवळ बरोबरीने. आवाज नाही. नवा माल हातात घेऊन माणूस उलटा-सुलटा करून बघतो ना, तसं तो माझं बोलणं बघत होता.

मला तेव्हा नदीकडे, होडीकडे तोंड करून उभं राहायला हवं होतं. पण त्याच्याकडे पाठ करायला माझी मान तयार झाली नाही. मी त्याच्याकडेच बघत उभा राहिलो, तोंड मोठ्या प्रवाहाकडे, पाठ डाव्या फाट्याकडे, हातात काठी, दुसरा हात वर. या नदीवर होडी हाकणाऱ्या कुणालाही विचारा की असा माणूस दिसला तर तुम्ही काय कराल.

वल्ह्यांचा आवाज माझ्या मागे आला. जवळ. सिग्नीच्या वल्ह्यांचा आवाज मी झोपेतही ओळखीन, ती दोन्ही वल्ही एकदम उचलते.

“काही लागतंय का, साहेब?” ती म्हणाली. परक्या माणसाला विचारतात तसं, गोड.

मला म्हणायचं होतं, मी आहे. मला वळायचं होतं. समोर ते तोंड हलत होतं, आणि माझं मिटलेलं होतं. कुणीतरी काहीतरी बोललं. होडीतले न्यायाधीश असतील, असं मला वाटलं.

“आभारी आहे,” सिग्नी म्हणाली, आणि होडी माझ्या पाठीमागून गेली.

मग लाकूड मोडल्याचा आवाज आला, आणि मी वळलो.

९

एल्डन तो उतार कसा उतरला मला माहीत नाही, पण उतरला. आम्ही दोघांनी आणि न्यायाधीशांनी मिळून तिला काढलं. म्हातारा कणखर निघाला. त्यांच्या बायकोचं मनगट मोडलं होतं, बाकी ती ठीक होती. सिग्नीचा उजवा हात होडीच्या आणि खोडाच्या मधे सापडला होता. हात वाचला, म्हणजे अंगाला आहे. खांद्याच्या वर उचलत नाही. ती पुन्हा वल्ही धरणार नाही.

मिझूलाच्या इस्पितळात ती खिडकीकडे बघत पडली होती. तिची आई स्पोकेनहून येऊन बाहेर बसली होती, माझ्याशी न बोलता.

“तू असं का केलंस, बाबा?” सिग्नीने विचारलं.

“मी तुला थांबवायला आलो होतो. मी ओरडत होतो.”

“मला आधी ओळखता आलं नाही. ऊन होतं. दोन माणसं उभी दिसली, दोघांचेही हात वर. मागून जायचं, एवढंच. मग मी विचारलं, आणि तू बोललास तेव्हा कळलं की तू आहेस.” ती खिडकीकडेच बघत होती. “मला इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, बाबा स्वतः बघायला आला, आणि त्याला पटलं.”

“काय म्हणालो मी?”

“नाटक करू नकोस.”

“सिग्नी, मी तोंड उघडलं नाही.”

“‘जा पोरी, मागून जा, फट मोकळी आहे.’” ती माझ्याच लकबीत म्हणाली, शेवटचा शब्द ओढून, जसा मी ओढतो. “झाड तुला दिसत होतं तिथून. एल्डनकाकांनी सांगितलं मला, झाड पडलंय म्हणूनच तू उतरलास. माहीत असून तू मला आत घातलंस. काय दाखवायचं होतं? की मला येत नाही?”

न्यायाधीशांनी पोलिसांना तेच सांगितलं. अगदी तेच शब्द. त्यांचं आयुष्य साक्षी ऐकण्यात गेलेलं, शब्द ते चुकत नाहीत. त्यांनी एवढीच भर घातली की बोलणाऱ्या गृहस्थांचा स्वर मायेचा होता. एल्डनला विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, “वरून मला बेटावर एकच माणूस दिसला. ऑरिन. होडीकडे पाठ, हात वर.”

गुन्हा काही दाखल झाला नाही. वाऱ्याने झाड पडलं, आणि गोंधळलेल्या बापाने चुकीची खूण केली, एवढ्यावर ते मिटलं. सिग्नी आईबरोबर स्पोकेनला गेली. तिथे ती एका शाळेत फोन घेते, असं ऐकतो. डाव्या हाताने.

दुकान अजून माझंच आहे. लोक येतात, टोप्या घेतात, दरीबद्दल विचारतात. मी दुसऱ्या नदीचं नाव सांगतो आणि हसतो. मला अजून चांगलं हसता येतं.

मी तिला आणखी एकदाच फोन केला. खरं सांगायचं ठरवून केला, की बोललेलं मीही ऐकलं होतं, होडीतलं कुणी असेल असं समजलो होतो. ती म्हणाली, “मग कोण बोललं, बाबा?” पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होती. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला आठवलं की तो आवाज ऐकताना मी घाबरलो नव्हतो, दचकलोही नव्हतो. आपल्या स्वतःच्या आवाजाने कोण दचकतं?

मी तोंड मिटलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, आणि फोन ठेवला.